राबाची राख आणि आजोबांचा बैल

मी बोलायला लागलो की मोखाड्याच्या बाजारातल्या कोंबड्यासुद्धा माना वळवतात. जुने भूकंप शोधणाऱ्या मॅडम आल्या, तेव्हा गावाने वाटाड्या म्हणून माझंच नाव पुढे केलं. तेवढीच चार दिवस गावाच्या कानांना विश्रांती.

आमच्याकडे अधूनमधून भांडी वाजतात, कुडाची माती गळते. पुढे केवढा धक्का बसेल याचा अंदाज घ्यायचा तर मागे केवढे बसले, किती वर्षांनी बसले, ते कळायला हवं, असं मॅडमचं म्हणणं. म्हणून वांगणीच्या वाटेवर एका म्हातारीच्या शेतात, जमिनीच्या जुन्या भेगेवर त्यांनी आडवा चर खणला. चांगला पुरुषभर खोल. बाजारात मी सांगतो, आत हत्ती मावला असता.

चराच्या भिंतीत वरच्या अंगाला काळी पट्टी निघाली. मधेच तुटून वीतभर खाली सरकलेली.

"कोळसा आहे," मॅडम म्हणाल्या. "याचं वय काढलं की जमीन कधी सरकली ते कळेल. गुरुजी, इथे जमीन फाटल्याचं जुनी माणसं सांगायची का?"

"फाटल्याचं? आमच्या आजोबांचा बैल शिंगांपर्यंत आत गेला होता! तीन दिवस नुसतं हंबरणं ऐकू येत होतं."

मॅडमनी ते वहीत लिहिलं. माझी थाप आजवर कुणी लिहून घेतली नव्हती. छाती फुगली. मग त्यांनी कोळसा पिशवीत भरला, आणि ती छाती हळूहळू बसायला लागली.

तेवढ्यात म्हातारी कोरा चहा घेऊन आली. आत डोकावली.

"मास्तर, राख काय बघता? राब हाय तो माझा. सासऱ्यानं मधे बांध घातला, तवापासून एक राब वरच्या तुकड्यात भाजायचा, एक खालच्या. मंग बांध मोडला, वर माती ओढली."

म्हणजे पट्टी तुटलेली नव्हतीच. त्या दोन होत्या. दरवर्षी रोपांसाठी पालापाचोळा मीही भाजतो, तरी ओळखलं नाही. वहीकडे बघत होतो ना!

"पण गुरुजींच्या आजोबांचा बैल?" मॅडमनी विचारलं.

दोघी माझ्याकडे बघू लागल्या. आमच्या शाळा, घरकुलं किती मजबूत बांधायची, हे सगळं त्या बैलावर उभं राहणार होतं.

"मॅडम, बैल खोडा," मी म्हटलं. "तो मी आत्ताच जन्माला घातला."

"याच्या आजाकडं बैल कुठला? एक शेळी, तीबी लंगडी!" म्हातारी म्हणाली.

मॅडमनी शांतपणे ओळ खोडली, पिशवी रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी आणखी खोल गेलो. राबाच्या खूप खाली, कुणाचा नांगर कधी पोचला नसेल अशा जागी, मुरमाचा थर खरोखरच सरकलेला होता. त्यात वालाच्या दाण्याएवढा कोळसा.

"हा कधीचा असेल, गुरुजी?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

हे मी म्हणालो, यावर बाजारात अजून कुणाचा विश्वास बसत नाही.