गळ्यात निळी वायर घातलेले अण्णा

अण्णा गळ्यात निळी वायर घालून जिना चढू लागले, की अख्ख्या हॉस्पिटलला कळायचं, आज मशीन हलणार. लग्नात व्याही उपरणं मिरवतो तशी ते ती वायर मिरवायचे. आम्ही हसायचो. मी तर सगळ्यांत जास्त. अकलूजहून नवी नवी सोलापुरात आलेली, डिग्रीची गुर्मी डोक्यात, आणि पन्नाशी उलटलेला हा पांढऱ्या सदऱ्यातला माणूस माझा वरिष्ठ, हेच मुळी मला पटत नव्हतं.

आमच्या हॉस्पिटलचं काम दोन मोठ्या सर्व्हरवर चालायचं. त्यांच्या पोटात व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नुसत्या सॉफ्टवेअरचे कॉम्प्युटर: केसपेपरचं एक, औषधांचं एक, लॅबचं एक. उन्हाळ्यात एखादा सर्व्हर तापला, की त्यातलं मशीन चालतं ठेवूनच दुसऱ्यावर न्यायचं. पहिल्याच आठवड्यात मी म्हटलं, "त्यात काय एवढं? मेमरी कॉपी करायची."

"अम्मा, पंगत बसलीय आणि स्वैपाकघर हलवायचंय," अण्णा म्हणाले. "हितल्यासारखीच सगळी पातेली तू तिकडं भरून ठेवलीस. तवर हितं कुणी आमटीत मीठ टाकलं. आता तिकडच्या आमटीत हाय का मीठ?"

घरी तेलुगू बोलणारे अण्णा आम्हा सगळ्या पोरींना अम्माच म्हणायचे. त्यांचे वडील भवानी पेठेतल्या एका कारखान्यात चादरी तपासायला होते. धागा चुकला, की तिथं खडूची खूण. अण्णांना मशीनचं कामही तसंच दिसायचं. मेमरीची पानं असतात. सगळी पानं एकदा नकलायची. तेवढ्या वेळात ज्या पानांवर नवं काही लिहिलं गेलं, त्यांच्यावर सर्व्हर खूण करतो. मग फक्त खुणेची पानं पुन्हा न्यायची. तोवर आणखी थोडी बदलतात, ती पुन्हा. मूठभर उरली, की जुनं मशीन पापणी लवेपर्यंत थांबवायचं, उरलेली न्यायची आणि तिकडं सुरू करायचं. दर फेरीनंतर उरलेल्या पानांचा आकडा अण्णा फळ्यावर लिहीत. फळा बाहेर व्हरांड्यात, कारण खडूची पूड सर्व्हरला चालत नाही. तो उतरता आकडा बघून पेशंटचे नातेवाईक काय समजायचे देव जाणे. एका आजींना मी फळ्याला नमस्कार करताना पाहिलंय.

सगळं जग हे काम रात्री उरकतं. अण्णा भर दिवसा करायचे. विचारलं तर म्हणत, "रात्री मशीन झोपत न्हाय. माणूस झोपतो."

आणि ती वायर. लॅबमधलं रक्त तपासायचं यंत्र एका खास कार्डातून आकडे थेट मेमरीत टाकायचं, खूण करणाऱ्याला न विचारताच. पान बदलायचं, पण त्यावर खूण व्हायची नाही. "चोरवाट हाय ती," अण्णा म्हणत. "खुणेचा बदल आपण न्हेतो. बिनखुणेचा लई वाईट. तो मागं राहिला, हेबी कळत न्हाय." म्हणून मशीन हलवायच्या आधी ते स्वतः खाली लॅबमध्ये जात, यंत्र थांबवायला लावत, वायर काढत आणि काम संपेपर्यंत गळ्यात ठेवत. लॅबच्या शेख मॅडम ओरडायच्या, "आगये अण्णा, वायर ले जाने कू!" पण द्यायच्या. मी म्हणायचे, एक फोन करा की, बंद करतील ते. त्यावर अण्णांचं ठरलेलं उत्तर होतं, "लोक सांगितल्यावर हो म्हणतात. वायर हातात असली की हो म्हणावं लागत न्हाय."

चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात साहेबांकडे, म्हणजे आमच्या संचालकांकडे, पाहुणे आले. आपल्याकडे मशीन हलतं तरी काहीच थांबत नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. अण्णा लॅब थांबवायला निघाले तसे साहेब भडकले. "लॅबच बंद केली तर दाखवायचं काय, कपाळ?"

"वायर काढल्याबिगर मी हात लावणार न्हाय," अण्णा म्हणाले आणि खुर्ची सोडून व्हरांड्यात गेले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला येतं ना?"

येतं ना! शेवटी कुणीतरी विचारलं होतं. मी अण्णांच्या खुर्चीत बसले, त्यांच्याच उघड्या लॉगिनवर. आकडा झरझर उतरला. नव्वद हजार, चार हजार, तीनशे, बारा. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाहेर जाऊन अण्णांच्या फळ्यावर, अण्णांच्याच खडूनं, भलं मोठं शून्य काढलं. ते बाकावर बसले होते. म्हणाले, "लॅबचे आताचे रिपोर्ट नमुन्यांशी ताडून बघ, अम्मा." तासाभरानं त्यांनी पुन्हा विचारलं, "बघितलेस?"

"बघितले की. सगळं ठीक आहे."

मी बघितले नव्हते. चहा होता, कौतुक होतं, वेळ कुणाला होता? आणि कुणाच्या तोंडी होकारावर न विसंबणारा तो माणूस त्या दिवशी माझ्या होकारावर विसंबला.

एका बाळंतिणीचं हिमोग्लोबिन सहा होतं. तिचे आकडे जुन्या सर्व्हरवरच मागं राहिले; नव्यावरच्या पानावर तिच्या आधीच्या पेशंटचे होते, तेच तिच्या नावावर छापले गेले. बारा. तिला घरी सोडलं. तिसऱ्या दिवशी तिला रिक्षातून उचलून आणलं, पांढरीफटक. वाचली ती. देवाची कृपा म्हणायची, माझी नव्हे.

चौकशीत साहेबांनी कागद पुढं सरकवला. "काम अण्णांच्या लॉगिनवरून झालंय." अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेकडे पाहत बसले. घरचं कर्ज, नवी नोकरी, सगळी कारणं तयार होती, आणि एकही खरं नव्हतं. मी भ्याले, बस्स. अण्णांनी कागद ओढून घेतला. मग म्हणाले, "वायर काढली नव्हती. एवढंच लिहा." आणि सही केली. निवृत्तीला दीड वर्ष असताना त्यांना घरी पाठवलं. साधा नारळसुद्धा दिला नाही कुणी.

दोन महिन्यांनी धीर करून भवानी पेठेत त्यांच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं चहा ठेवला. मी सुरुवात केली, "अण्णा, त्या दिवशी मी..."

"चहा घ्या मॅडम," ते म्हणाले. "गार होतोय."

मॅडम! त्यापेक्षा दोन कानाखाली दिल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. मी चहा प्यायले आणि उठले. पुन्हा गेले नाही. गेल्या पावसाळ्यात ते वारल्याचं कळलं, तेव्हाही नाही.

आता त्या खुर्चीत मी असते. मशीन दिवसाच हलवते, आकडे फळ्यावर लिहिते, वायर आणायला स्वतः खाली जाते. परवा लॅबमधली नवी मुलगी म्हणाली, "मॅडम, तुम्ही कशाला आलात? फोन केला असता तरी बंद केलं असतं की." आतून शेख मॅडमनीच तिला उत्तर दिलं. ज्यांनी इतकी वर्षं अण्णांच्या हातात ती वायर दिली, त्याच शेख मॅडम. "पहले एक अण्णा थे, वायर निकालनाच भूल गए एक बार. तबसे ऐसा है."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. "खरंच विसरले होते, मॅडम?"

"वायर दे," मी म्हणाले. ती गळ्यात घातली आणि जिना चढले.