गाडेकरसाहेबांचं ऑइल सील

नवी वस्तू हातात आली की गाडेकरसाहेब ती आधी उलटी करत. थर्मास असो, रेडिओ असो, खाली कोणत्या देशाचं नाव आहे ते वाचत आणि विचारत, "आन् उद्या त्यांनी दिलं न्हाई तर?"

नगरला रणगाडे दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात ते इंजिनिअर होते. मी त्यांच्या हाताखाली सुट्या भागांचे नकाशे काढत असे. साहेब मूळचे नेवाशाकडचे. इंजिनिअर झाले तरी बोली सुटली नव्हती. आमचे बरेच रणगाडे विलायती होते. पासष्टच्या लढाईत विलायतेने पुरवठा रोखला, तेव्हा ऑइल सीलवाचून, म्हणजे तेल गळू न देणाऱ्या एका रबरी कडीवाचून, रणगाडे जागच्या जागी उभे राहिलेले त्यांनी पाहिले होते. "मदतीला दावं असतंय," ते म्हणत, "दुसरं टोक कुनाच्या हातात हाय ते बगावं."

एकाहत्तरमध्ये त्यांनी ती कडी गावातल्याच एका रबरवाल्याकडून करून घेतली. चाचणीत तेल झिरपलं. लढाई तोंडावर आलेली. कारखान्याचे प्रमुख कर्नलसाहेब म्हणाले, "थोडंच गळतंय गाडेकर. चालवून घेऊ."

"न्हाई साहेब. आत पोरं बसनार हायेत. विलायतेचा माल अजून मिळतोय, तो मागवा."

विलायती मालाच्या मागणीपत्रावर गाडेकरसाहेबांनीच सही केली. त्या दिवशी ते डबा न उघडताच घरी गेले.

डिसेंबरात अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघाल्याची बातमी आली. मी म्हटलं, "रशिया आपल्या पाठीशी आहे. आरमार पुढं येणार नाही ना?"

"न्हाई यायचं. पर शेजाऱ्याच्या कुत्र्याच्या भरवशावर दार उघडं टाकून रोज झोपायचं का?"

लढाई संपली, पण कडीचं काम थांबलं नाही. रबराचं मिश्रण ते पुन्हा पुन्हा बदलून बघत होते. उन्हाळ्यात नवी कडी बसवली, तेव्हा चाचणीला ते स्वतःच रणगाड्यात शिरले. मी अडवलं, तर म्हणाले, "आत बसल्याबिगर कसं कळायचं?"

रणगाडा माळावर दुपारभर फिरला. परतला तेव्हा साहेबांच्या भुवयासुद्धा धुळीने पांढऱ्या झाल्या होत्या. ते खाली उतरले, रणगाड्याच्या पोटाशी आडवे झाले आणि कडीच्या सांध्यावरून हात फिरवला. मग हात माझ्यापुढे धरला. तळव्यावर नुसती धूळ होती, कोरडी.

"आता विलायतेवाचून फुडचं काय अडलंय, ते काढ," म्हणाले.