मावशी उठून जाऊ नये म्हणून

कॅम्प-एक या मजूरवस्तीतल्या आमच्या गल्लीत रोज संध्याकाळी पेपर वाचला जाई, आणि वाचणारी मी होते. मॅट्रिक झालेली गल्लीतली एकुलती एक मुलगी! नागपूरचा पेपर एक दिवस शिळा होऊन बाबांच्या सायकलवरून येई. कारखान्याच्या बांधकामावरून सुटलेली माणसं अंगावरच्या लाल धुळीसकट लिंबाखाली बसत, आणि मी ऐटीत घसा खाकरून सुरुवात करी.

ती ऐट मावशी उतरवी. शेजारची ही मावशी बांधकामावर रेजा होती, दिवसभर गिट्टीची टोपली डोक्यावर. धीर म्हणून नाही बाईला! "मंत्रिमहोदयांच्या शुभहस्ते" एवढं मी वाचलं की ती म्हणे, "मंग? झालं काय, थे सांग ना वं पोरी!" मुद्दा खालच्या ओळीत असला तर मी तिथवर पोचेपर्यंत ती चूल पेटवायला निघून गेलेली असे.

आधी माझा नुसता तिळपापड व्हायचा. पण मला बातमीदार व्हायचं होतं, आणि एका सकाळी डोक्यात लख्ख उजेड पडला. मावशी जिच्यावरून उठून गेली ती बातमी घ्यायची आणि ती उठणार नाही अशी पुन्हा लिहायची! बाबा ड्रॉइंग ऑफिसात चपराशी होते. रद्दीत निघालेले नकाशे ते घरी आणत, त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी लिही. मुद्दा आधी. वाक्य एका दमात वाचता येईल एवढंच. मग आई भाकरी थापत असताना मोठ्यानं वाचून दाखवायचं. आईनं "आं?" केलं की त्या वाक्यावर काट. रोज सकाळी, दात घासल्यासारखं. काय मजा येई म्हणून सांगू!

बाबांच्या मनात मात्र मास्तरणीचा कोर्स होता. तेवढ्यात कॅम्पात नवा दवाखाना उघडला. मी जाऊन पाहून आले, बातमी लिहिली आणि नागपूरला धाडून दिली. बाबा म्हणाले, "छापून आली आन् मावशीनं शेवटपावतो आयकली, त मी कोर्सचं नाव नाई काढनार."

आणि छापून आली! त्या संध्याकाळी बाबांनी पेपर हातात दिला तो नेमक्या पानावर दुमडून. वर नाव नव्हतं, नुसतं 'आमच्या वार्ताहराकडून'. गल्लीत आम्हा तिघांखेरीज कुणाला पत्ता नव्हता.

मी वाचू लागले. पहिलं वाक्य झालं, मावशी गप्प. दुसरं झालं, तरी गप्प. दातांवर तंबाखूचा गुडाखू घासणारं तिचं बोट मध्येच थांबलं होतं. मी शेवटच्या शब्दापर्यंत पोचले आणि मावशी अजून बसलेलीच!

"सप्पा सारं सांगतलं यानं," ती म्हणाली, "पन बाई-डाक्टर हाय का नाई तिथी? थे कावून नाई लिवलं?"

हे मी विचारलंच नव्हतं! तरी मला उडी मारावीशी वाटली. शेवटपर्यंत ऐकल्याशिवाय कुणी असं विचारतं का? मी बाबांकडे पाहिलं. ते केव्हाच उठून सायकलपाशी गेले होते.

"मांगं बस," ते म्हणाले. "दवाखाना उघडाच असन अजून. विचारून येऊ."