लिफ्टवाल्याचे नऊ महिने

बायकोला दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा लिफ्टवाल्याला पहिला प्रश्न पडला तो हा, की याचं मॅन्युअल कुठे मिळेल. तो काही विनोद करत नव्हता. विनोद करणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. त्याच्यावर होत तेवढे त्याला पुरायचे. चौदा वर्षं लिफ्टच्या तारा, कप्प्या आणि दारं दुरुस्त करून त्याची अशी पक्की समजूत झाली होती, की जे पुस्तिकेत छापलेलं नाही ते जगात घडतच नाही. आणि इथे तर रोज काहीतरी घडत होतं आणि पुस्तिकेचा पत्ता नव्हता.

मग त्याने स्वतःच एक वही केली. इमारतींच्या वॉचमनना तो जे तीन प्रश्न विचारायचा, तेच रोज सकाळी बायकोला विचारू लागला. “काही वेगळा आवाज? कंप? गळती?”

चार दिवस तिने ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी म्हणाली, “दोन मजल्यांच्या मधे अडकलेय. कुणाला तरी पाठव.”

त्याने तेही वहीत लिहून घेतलं.

हसू नका, त्याच्या भीतीला कारण होतं. मागच्या वर्षी तिसऱ्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं, तेव्हा हा एका चौदा मजली इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला होता. तिथे फोन लागत नाही. ती एकटी रिक्षा करून दवाखान्यात गेली, एकटीच परत आली, आणि संध्याकाळी तो ग्रीसने माखलेले हात घेऊन घरी पोचला तेव्हा सगळं संपलेलं होतं. ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं त्याला आजही वाटतं. या वेळी काहीही झालं तरी आपण तिच्याजवळ असायचं, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

बायको एका पार्लरमध्ये केस कापायची. आता पार्लर म्हणजे सल्ल्यांचं उगमस्थानच. खुर्चीत बसलेली प्रत्येक बाई आरशातून तिच्या पोटाकडे बघायची आणि काहीतरी सांगून जायची. लिंबू खाल्लंस तर मूल चिडकं होईल. लिंबू नाही खाल्लंस तर मठ्ठ होईल. डॉक्टरीणबाईंना विचारावं, तर त्यांच्याकडे माणशी तीन मिनिटं, त्यातलं एक पंख्याचं बटण शोधण्यात जायचं. बायको हे सगळं घरी येऊन गंमत म्हणून सांगायची, आणि नवरा गंभीरपणे वहीत उतरवायचा.

एके दिवशी तिने सांगितलं, की एक गिऱ्हाईक म्हणत होती, गरोदरपणात हात वर केले की बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते. सांगून ती झोपलीसुद्धा. लिफ्टवाल्याच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. केस कापणारी बाई दिवसभर हात वर करण्यापलीकडे दुसरं करते काय?

पार्लर बंद असायचं त्या दिवशी त्याने मालकिणीकडून किल्ली मागून घेतली, “खुर्च्यांचं सर्व्हिसिंग करून देतो” म्हणाला, आणि तिन्ही खुर्च्यांचे वर-खाली करायचे पंप काढून त्या जमिनीलगत बसवून टाकल्या. आता बायकोचे हात कमरेच्या वर जाणार नव्हते. भलताच खूश होऊन तो घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक चांगल्या भरभक्कम मुख्याध्यापिका केसांना रंग लावून घ्यायला आल्या. नेहमीच्या उंचीवर खुर्ची असेल या विश्वासाने त्यांनी अंग टाकलं आणि त्या जातच राहिल्या. गुडघे हनुवटीला लागले. तशाच अवस्थेत त्यांनी रंग लावून घेतला, कारण उठताच येईना. रंग धुवायची वेळ झाली तेव्हा मालकीण, बायको आणि शेजारचा चावीवाला अशा तिघांनी मिळून त्यांना वर काढलं. तोवर व्हायचा तेवढा उशीर झाला होता. बाई तपकिरी रंगासाठी आल्या होत्या, त्या जांभळ्या होऊन शाळेत गेल्या.

त्या संध्याकाळी बायकोने हात कमरेवर ठेवून निकाल दिला. “बाळंतपणाला आत एकाच माणसाला सोडतात. तू असाच वागणार असशील ना, तर माझ्याबरोबर ताई येईल. तू नाही.”

“अगं, पण मी...”

“तिथे मला माझी भीती सांभाळायची असेल. तुझी कुठे ठेवू?”

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. शाळेत खेळ शिकवायची आणि घरातही गळ्यात शिट्टी असल्यासारखी बोलायची. ती घाबरत नसे, हे खरंच होतं.

लिफ्टवाला रात्रभर तळमळला आणि मंगळवारी सुट्टी टाकून एकटाच दवाखान्यात गेला. तिथे सात नंबरच्या खोलीत दर मंगळवारी गरोदर बायकांना तपासणाऱ्या एक वयस्कर सिस्टर बसत. त्यांना भेटायचं म्हणाल्यावर खिडकीतला कारकून म्हणाला, “केसपेपर काढल्याशिवाय आत सोडता येत नाही.”

“पण गरोदर माझी बायको आहे.”

“मग ती आली की तिचा काढू. आत्ता कोण आलंय?”

नियमापुढे कुणाचं चालतं? निघाला केसपेपर त्याच्याच नावाने, गुलाबी रंगाचा. नियमाप्रमाणे वजन झालं, नियमाप्रमाणे रक्तदाबही बघितला. बाकावरच्या बायका आधी पदराआड हसल्या, मग सरकून त्यांनी जागा करून दिली. एकीने विचारलं, “कितवा?”

“सहावा,” तो म्हणाला आणि कानांपर्यंत लाल झाला.

सिस्टरनी केसपेपर बघितला, त्याच्याकडे बघितलं, आणि हसल्या नाहीत. तिथेच त्याचा अर्धा जीव भांड्यात पडला. “विचारा,” त्या म्हणाल्या.

त्याने वही उघडली. हात वर केल्याने नाळ गुंडाळते? “खोटं. नाळेला तुमच्या बायकोचे हात दिसत नाहीत.” लिंबू? “आवडत असेल तर खाऊ दे.” कुशीवर झोपावं म्हणतात ते? “ते खरं. शेवटचे महिने पाठीवर नको, कुशीवर बरं.” पार्लरमधल्या रंगाच्या वासाचं काय? सिस्टर थांबल्या. “हे मला नक्की माहीत नाही. विचारून पुढच्या मंगळवारी सांगते.”

लिफ्टवाला बघतच राहिला. एवढ्या महिन्यांत ‘माहीत नाही’ म्हणणारं पहिलं माणूस त्याला भेटलं होतं. आणि पुढच्या मंगळवारी त्या खरंच विचारून आल्या होत्या: खिडक्या उघड्या ठेवा, हातमोजे घाला, रंगाचं काम शक्य तेवढं दुसरीला द्या. त्या दिवसापासून त्याचा सिस्टरवर जो विश्वास बसला तो बसलाच.

त्या दिवशी निघताना त्यांनी त्याच्या वहीत स्वतः पाच ओळी लिहिल्या. रक्त जाणं. पाणी जाणं. डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं. ताप. बाळाची हालचाल कमी होणं. “यातलं काही झालं तर वार बघायचा नाही, तडक यायचं. बाकी सगळं मला मंगळवारी विचारा. आणि तिचं ब्लडप्रेशर उत्तम आहे, तुमचं वाढलंय. मीठ कमी करा.”

तो दर मंगळवारी जाऊ लागला. बाकावरच्या लाजऱ्या बायका आपले प्रश्न त्याच्याकडे द्यायच्या आणि तो ते न अडखळता आत विचारून यायचा. बायकोला महिन्याभराने पत्ता लागला, तो त्याच्या खिशात गुलाबी केसपेपर सापडल्यावर. ती इतकी हसली, की बाळाने आतून दोन लाथा मारल्या. पण आत कोण येणार, हा निकाल तिने बदलला नाही. ताईने बॅग भरून ठेवली होती.

नववा महिना भरत आला. एका दुपारी जेवताना बायको सहज म्हणाली, “आज अगदी शांत आहे हं. सकाळपासून हललंच नाही फारसं. पार्लरमध्ये सगळ्या म्हणतात, शेवटी शेवटी झोपतात बाळं.”

लिफ्टवाल्याने हातातला घास खाली ठेवला. एरवी या माणसाने इमारत डोक्यावर घेतली असती. आज तो उठला, हात धुतले, रिक्षा बोलावली आणि तिच्या चपला पुढे आणून ठेवल्या. “हे मंगळवारपर्यंत थांबण्यातलं नाही,” तो एवढंच म्हणाला. त्याचा तो शांतपणा बघून तिची मात्र पाचावर धारण बसली.

दवाखान्यात तपासलं. बाळाचे ठोके नीट होते, पण पोटातलं पाणी कमी झालं होतं. “बरं झालं आलात,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “आजच बाळंतपण करू.” या वेळी त्यांनी पंख्याकडे बघितलंही नाही.

ताई बॅग घेऊन धावतच आली आणि कुणी विचारायच्या आत दाराशी उभी राहिली. “चल, मी आहे. घाबरायचं नाही!”

बायकोने दोघांकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. “ताई, मला घाबरायचंय,” ती म्हणाली. “तू बॅग धर. हा येईल.”

आत सात तास गेले. त्याने एकही शहाणपणाची गोष्ट सांगितली नाही. तिने त्याचा हात धरला, पिरगळला, दोनदा चावला. मधेच एकदा ती म्हणाली, “मागच्या वेळी मला तुझा राग नव्हता आला रे. मला फक्त एकटीला खूप भीती वाटली होती.” लिफ्टवाला रडला. मुलगी झाली तेव्हा तर तो असा भोकाड पसरून रडला, की नर्सने आधी त्याला गप्प केलं, मग बाळाचा आवाज ऐकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर बघायला आल्या. मुलगी झोपली होती, तिची आईही झोपली होती. लिफ्टवाला पलंगाशी एका पायावरून दुसऱ्या पायावर झुलत उभा होता.

“काय हो, काय झालं?”

“बाथरूमला जायचंय,” तो कुजबुजला. “रात्रीपासून.”

“मग जा की! आता सगळं नीट आहे.”

त्याने खाली बघितलं. झोपेतही तिने त्याची दोन बोटं घट्ट धरून ठेवली होती.

“थांबतो,” तो म्हणाला.