सारंगकाकांची चिनाई मेंदी

माझी नोकरी वाचवली ती शेजारच्या सारंगकाकांनी, हे आधी सांगून टाकतो. कारण पुढची हकिकत वाचून कुणाला वाटेल की ती घालवायलाच ते निघाले होते. रेवदंड्यापासून दिघीपर्यंत त्यांच्याइतका पक्का दर्यावर्दी झाला नाही, आणि जमिनीवर त्यांच्याइतका अडाणीही. तीस वर्षं आगबोटींवर खलाशांचे मुकादम म्हणून काढून ते गावी परतले, पण जमीन हलत नाही यावर त्यांचा अजून विश्वास नाही. घरातलं मडकंसुद्धा भिंतीला दोरीने बांधलेलं. शेळीला खुंटा नाही, चांगला लोखंडी नांगर आहे. बाजाराला निघताना ओलं बोट वर धरून आधी वारा बघतात. एकदा चार घरं पलीकडच्या लग्नाला ते अख्ख्या वाडीला वळसा घालून, अक्षता पडून गेल्यावर पोचले. यजमान रागावले, तर हे शांतपणे म्हणाले, "वारा तोंडावर हुता. सरळ कसा येनार?"

मी घाटावरचा, माणदेशातला. मराठी चौथीत शाळा सुटली, आणि हिंडत हिंडत मुंबईच्या एका मालकांच्या इथल्या बंगल्यावर माळी म्हणून चिकटलो. गावी आई आणि दोन बहिणी माझ्याच जिवावर, त्यामुळे मालकांचं पत्र आलं की फोडायच्या आधी मी ते देवापुढे ठेवायचो. त्या माघात, मला इथे येऊन दोनच महिने झाले असताना, पत्र आलं: बागेतली वाळकी झाडं काढून टाक. फाटकापाशी एक झाड उभं होतं, अंगावर पान नाही, सालीचे पापुद्रे सुटलेले. आमच्याकडे असं झाड थेट चुलीत जातं. दोन दिवस खपून, मुळं तोडतोडून मी ते उपटलं. सारंगकाका कुंपणापलीकडून बघत होते. आले, आणि त्यांनी नखाने साल खरवडली. आत हिरवंगार!

"अरं घाट्या, जितं हाय ह्ये! चिनाई मेंदी ती. थंडीत पानं टाकती. मालकाच्या आईनं सोताच्या हातानं लावल्याली हाय. वैशाखात येत्यात ना त्या?"

मी झाड खड्ड्याकडे ओढायला लागलो. म्हटलं, "परत पुरतो."

"मुळं ठेवलीस कुठं? आनि पुरून काय दिसंल? मोडका खुंट. तोच ताटात ठेवला तर कला दिसंल."

जपानच्या बंदरात त्यांनी म्हणे शंभर वर्षांची झाडं ताटात बसलेली पाहिली होती. कशी बसवतात ते विचारायचं मात्र राहिलं होतं. "एवढ्या मुळांवर एवढी शिडं? उलटंल," म्हणत त्यांनी माझ्या डोक्यापेक्षा उंच झाड करवतीने हातभर केलं. ताट म्हणून घरातली मासळी खारवायची लाकडी काठवट आणली, बुडाला भोकं पाडली, आणि जाळ्याच्या डांबरी सुतळीने खोड तिला आवळून बांधलं. फुटवे आले की प्रत्येकाला सुतळी लावून "हबेस! हबेस!" असं जहाजावरच्यासारखं ओरडत ते खाली ओढत. काकांनी जहाजावरून आणलेली पितळी घंटा वाजवल्याशिवाय पाणी घालायची मला परवानगी नव्हती.

फाल्गुन सरता सरता पानांच्या कडा करपल्या. मी रडकुंडीला आलो. काकांनी चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली, आणि त्यांचा चेहरा पडला. वीस वर्षं मासळी खारवलेली काठवट! "गोड्या पान्याचं झाड मी दर्यात बुडवलं रं," ते एवढंच बोलले. मग विहिरीच्या पाण्याने आम्ही ती मुळं तान्ह्या पोरासारखी आठ दिवस धूत होतो. कुंभाराकडून रुंद, उथळ परळ आणली, तिला भोक पाडलं, आणि जांभ्याचा चुरा, नदीची वाळू नि शेणखत घालून झाड पुन्हा बसवलं. त्या दिवसांत काका वारा बघायलाही विसरले.

वैशाखात मालकांच्या आई उतरल्या. फाटकाजवळचा खड्डा बघून थबकल्या. मी काही बोलायच्या आत काका पुढे झाले. "बाय, झाड म्याच उपटायला लावलं. पोराचा दोस न्हाय." आयुष्यात त्यांनी तेवढंच खोटं सांगितलं असावं, कारण सांगताना त्यांचे कान लाल झाले होते. मी परळ आणून पायरीवर ठेवली. नवी पानं, आणि एका फांदीच्या टोकाला चुरगळल्या रेशमासारखा गुलाबी झुबका. आई वाकल्या, त्यांनी त्या झुबक्याला बोट लावलं.

"मी लावलं तेव्हा एवढंच होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या डोक्यावर गेलं तेव्हापासून नीट पाहिलंच नव्हतं मी याला."

जाताना त्या परळ मुंबईला घेऊन गेल्या. माझी नोकरी राहिली. काका मात्र त्यानंतर कितीतरी दिवस पाण्याच्या वेळेला कुंपणाशी येऊन उभे राहत, आणि परत जात. आता वयामुळे त्यांच्या हातून गाठ बसत नाही. छाटलेल्या फांद्यांतली एक मी गुपचूप रुजवली होती. ती आता वीतभर झाली आहे. तिला ताटात बसवायला मी शिकतो आहे. पहिलं फूल धरलं की ती मी काकांच्या ओटीवर नेऊन ठेवीन. त्यांच्या उपकाराला ती पुरी पडणार नाही, पण नेऊन ठेवीन.