जागा सोडायची नाही

कुठे काही घडलं की पट्टेरी काका आधी त्या जागेवर जाऊन उभे राहायचे. अमेरिकेतल्या बॉथेलच्या आमच्या मराठी मंडळात जेवताना कुणाच्या हातून आमटी सांडली, की बाकीचे टिश्यू शोधायला पळायचे. हे मात्र सांडलेल्या आमटीशेजारी पाय रोवून उभे, कुणी घसरू नये म्हणून. एकदा पार्किंगमध्ये माझं कानातलं पडलं. मी सैरावैरा शोधू लागले, तसे काका ओरडले, "हलू नकोस! जागा सोडलीस की जागा हरवते." कानातलं माझ्या चपलेजवळच होतं.

काका मूळचे नागपूरचे, पुलांचे इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर इथल्या हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल मॅचेसना पंच म्हणून उभे राहू लागले. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या शर्टावरून मुलांनी त्यांना हे नाव ठेवलं. कमरेला एक छोटी निळी पिशवी खोचलेली असे. तिला बीनबॅग म्हणतात हे ऐकून मला बसायची गादीच आठवली होती.

"पिवळं फडकं चूक दाखवायला," ते समजावत. "पिशवी कुणाला दोष देत नाही. अमुक गोष्ट इथे घडली, एवढंच सांगते. पण घडताक्षणी टाकायची. नंतर विचार करून टाकली, तर ते नुसतं आपलं मत."

माझा रोहन त्याच मैदानावर खेळायचा. म्हणून सीझन सुरू झाला की काकांचं आमच्याकडे जेवायला येणं बंद. मी रागावले तर म्हणायचे, "पुरणपोळी डिसेंबरात खाईन. तोवर मी कुणाचा काका नाही."

ती मॅच शनिवारी दुपारी होती. शेवटचे काही सेकंद उरलेले, रोहनची टीम एका पॉइंटने मागे. आमच्या टीमच्या एका पोरानं लांब पास फेकला आणि तो समोरच्या टीमच्या खेळाडूनं मध्येच पकडला, त्याच्याच गोल लाइनच्या अगदी जवळ. पळत पळत तो लाइनच्या आत गेला आणि रोहननं झेप घेऊन त्याला तिथेच पाडलं.

स्टँड उसळला. आपल्याच गोल लाइनच्या आत बॉलसकट पाडलं गेलं, की समोरच्यांना दोन पॉइंट. म्हणजे आम्ही जिंकलो! शेजारच्या बाईनं मला मिठी मारली.

काका मात्र लाइनच्या बाहेर उभे होते. त्यांच्या पायाशी निळी पिशवी पडली होती, बॉल पकडला गेला त्या जागी.

मला नियम ठाऊक होता, काकांनीच शिकवलेला. लाइनच्या इतक्या जवळ बॉल पकडून खेळाडू धावत्या वेगानं आत ओढला गेला असेल, तर दोन पॉइंट नाहीत. बॉल पकडल्या जागी परत. स्वतःहून वळून आत गेला असेल, तर मात्र पॉइंट. वेग की मर्जी, हे बघायला तिथे एकच माणूस होता.

मुख्य पंच धावत आला. काकांनी पिशवीकडे बोट दाखवलं. आमचा कोच हेल्मेट आपटून किंचाळला. "गो बॅक टु क्रिकेट!" मागून कुणीतरी ओरडलं आणि बरेच जण हसले. मिठी मारणारी बाई आता माझ्याकडे बघत होती. "यू नो दॅट मॅन, राइट?"

"येस," मी म्हटलं. "ही इज अवर काका."

बॉल समोरच्यांकडेच राहिला आणि मॅच गेली. सुटल्यावर लोक दोन्ही बाजूंनी फाटकाशी थांबले होते. मी काकांच्या शेजारून चालू लागले. कुणी अंगावर आलं नाही, पण वाटही कुणी सहज देईना. गाडीपाशी पोचल्यावर काकांनी किल्ली काढली.

तेवढ्यात मागून रोहन आला. तोंडावर चिखल, डोळे लाल.

"ही टर्न्ड, काका! तो स्वतः वळला. आय वॉज राइट देअर!"

"तुला तसं दिसलं असेल, बेटा. मला नाही दिसलं."

"व्हॉट इफ यू आर राँग?"

"असेनही." काकांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. "पण पिशवी टाकली तेव्हा आत त्याला कोण पाडणार, मला माहीत नव्हतं. तू पाडलंस म्हणून ती उचलून घेऊ का?"

रोहन पाठ फिरवून निघून गेला. डिसेंबरात काका पुरणपोळीला आले, तेव्हा तो वरच्या खोलीतून खाली आला नाही. काकांनी त्याच्याबद्दल विचारलं नाही. दुसरी पोळी घेतली नाही, एवढंच.

वसंतात काकांच्या गुडघ्यांनी 'आता पुरे' म्हणून सांगून टाकलं. मुलीकडे, सांता क्लाराला कायमचं जायचं ठरलं. निघायच्या सकाळी निरोप घ्यायला ते आमच्या दारात आले. मी डबा भरत होते. जिन्यावर पावलं वाजली.

"काका," रोहन म्हणाला, "आय स्टिल थिंक यू वेअर राँग."

मी चपापले. काकांचा चेहरा मात्र किती महिन्यांनी मोकळा झाला.

"बरं केलंस," ते म्हणाले. "मी जातोय म्हणून तू मत बदललं असतंस, तर फार वाईट वाटलं असतं रे."

रोहन जरा घुटमळला. मग, सांगितल्याशिवाय कधीच न वाकणारा माझा मुलगा खाली वाकला आणि त्यानं काकांच्या पायांना हात लावला. उठता उठता पुटपुटला, "बट दोज वेअर अवर टू पॉइंट्स."

"नव्हते," काका म्हणाले आणि त्याला त्यांनी छातीशी धरलं.