बॅटरीच्या सायकलवरची मुराळी

दुकानदाराने विचारलं, नातीसाठी घेताय का? मी म्हटलं, नातीला तिचे आईबाप घेतील, ही माझी. तरी त्याने चार्जर, ब्रेक, बॅटरीचं कुलूप सगळं माझ्या नवऱ्यालाच समजावून सांगितलं. नवऱ्याचं लक्ष पंख्याखालच्या खुर्चीकडे. शेवटी मी पदर खोचला, सायकलवर बसले आणि धुळ्याच्या भर बाजारातून ती चालवत घरी आणली. नवरा मागून रिक्षाने आला.

सायकल मला नवीन नव्हती. उपकेंद्रात नर्स होते तेव्हा गावोगाव लसी घेऊन सायकलवरच फिरले. पुढे गुडघ्यांनी दगा दिला, आणि निवृत्तीनंतर सगळ्यांनी मिळून मला घरात बसवून टाकलं. बँकेत जायचं तर नवऱ्याला वेळ हवा, दवाखान्यात जायचं तर रिक्षावाल्याला. बॅटरीच्या सायकलने ती ताबेदारी संपवली. पायाने नुसतं सुरू करून द्यायचं, पुढचं ती बघते. शेजारणी गॅलरीत येऊन बघायच्या. बघू देत. जळगावचा मुलगा रोज संध्याकाळी फोनवर सांगायचा की पडशील, हाड मोडेल, दुकानदार अजून परत घेईल, मी विचारलंय. मी म्हणायचे, त्याला विचारलंस, मला विचारलंस का?

अशात आखाजी आली. खान्देशात अक्षय्य तृतीयेला लेकी माहेरी जातात, आणि त्यांना न्यायला माहेरचा माणूस येतो. तो मुराळी. आमचं माहेर सोनगीर. मी स्वतःच्या मनाची, एसटी पकडून कधीही जाते. पण माझी थोरली बहीण, आमच्या अहिराणीत ‘मनी मोठी बहीन’, आमची अक्का, सोनगीरच्या पुढे फाट्यावरून आत एका खेड्यात दिलेली. ती मुराळ्याशिवाय पाऊल उचलायची नाही. भाऊ, म्हणजे आमचा नाना, दरवर्षी तिला आणायला जायचा. तीन वर्षांपूर्वी त्याची नजर गेली. त्याची मुलं सुरतेला कामाला, त्यांना आखाजीला सुट्टी नाही. अक्काचा मुलगा मोटरसायकलवर दहा मिनिटांत तिला पोचवू शकला असता, पण सासरच्यांनी सून स्वतःहून नेऊन सोडणं त्यांच्या घरात कमीपणाचं. सत्तरीची झाली तरी ती त्या घरची सूनच. म्हणून पाच किलोमीटरवर असूनही बहीणभाऊ तीन आखाज्या फोनवर रडले.

मला या सगळ्याचा संताप यायचा. अक्काचाही यायचा. शेवटी ठरवलं, ह्यांना मुराळीच हवा ना, मी होते.

आखाजीच्या दोन दिवस आधी उजाडतानाच निघाले. नवरा म्हणाला, वेड लागलंय. मी म्हटलं, दुपारची भाकरी झाकून ठेवली आहे. आग्रा रोडच्या कडेने, ट्रकवाल्यांचे हॉर्न खात, सोनगीरचा किल्ला उजळेपर्यंत गेले. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मजा वाटत होती.

अक्काच्या दारात पोचले तेव्हा उन्हं चढली होती. भाच्याने आधी माझ्याकडे आणि मग माझ्या मागे पाहिलं, मागे कुणी येतंय का म्हणून. मी सांगितलं, अक्काला न्यायला आले आहे. मुराळी कधी बाई असते का, म्हणून तो हसला.

"मावशी, मुराळी कधी बाई ऱ्हास का?"

मी म्हटलं, तुझा मामा पहिल्यांदा तुझ्या आईला न्यायला आला तो सायकलवरच आला होता. ती साधी होती, ही बॅटरीची, म्हणजे मुराळी सुधारलाच आहे. तो म्हणाला, गाव काय म्हणेल? मी म्हटलं, गावाने तीन वर्षांत एकदा तरी म्हटलं का, की म्हातारीला भावाकडे नेऊन सोडा?

अक्का उंबऱ्यात उभी होती. तिची सून मात्र हुशार, तिने भांडण मोडायला म्हणून हळदकुंकवाचं ताट आणलं. नवी गाडी पहिल्यांदा दारात आली, तर रीत करायलाच हवी. तिने हँडलला बोट भरून कुंकू लावलं, तांब्याने पाणी ओवाळलं आणि चाकावर टाकायचं ते पाणी मनापासून, भरघोस, थेट हँडलवरच्या बटणांवर ओतलं. छोटा दिवा लुकलुकला आणि विझला. मी बटण दाबलं, पुसून दाबलं, फुंकून दाबलं. सायकल ढिम्म.

सुनेचा चेहरा पडला. भाच्याचा खुलला. तो एकदम गोड आवाजात म्हणाला की मावशी, सायकल टेम्पोत टाकून देतो, तुला स्टँडवर सोडतो, जेवून जा. आईचं पुढच्या वर्षी बघू. मी सायकलचं हँडल धरून उभी. बॅटरीशिवाय त्या जड सायकलवर दोघींना ओढणं माझ्या गुडघ्यांच्या बापाला जमलं नसतं. जळगावच्या मुलाचा आवाजही कानात आला, सांगितलं होतं ना. त्या क्षणी मी हरलेच होते.

अक्का आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. ती बाहेर आली ती नऊवारी बदलून, हातात कापडाची पिशवी घेऊन. पिशवी तिने माझ्या कॅरिअरवर ठेवली आणि पायात चपला घातल्या.

"तीन वरीस वाट दखी मी," ती मुलाला म्हणाली. "आते पायी जासू."

भाचा काहीतरी बोलायला गेला. ती थांबलीच नाही. मग मीही सायकल ढकलत निघाले. पाच किलोमीटर, वैशाखाचं ऊन, एका हाताने तिने कॅरिअर धरलेलं. दोनदा बाभळीखाली बसलो. एका मोटरसायकलवाल्याने थांबून विचारलं, कुठे सोडू का? अक्काच म्हणाली, नको, मुराळी आहे सोबत.

सोनगीरला नाना ओसरीवर बसला होता. चपलांचा आवाज ऐकून त्याने मान वर केली. अक्का त्याच्याजवळ जाऊन बसली, त्याने तिचा चेहरा हाताने चाचपला. मग तिला कोण घेऊन आलं ते त्याने विचारलं, "कोन लई उना तुले?"

अक्का जन्मभर हळू बोलत आली आहे. सासरी तिचा आवाज कधी ओसरीपर्यंत आला नाही. हे मात्र तिने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं.

"मनी बहीन."